अर्धा तास

"आत अर्धा तास आहे वाटतं," हात धुता धुता एक मुलगी दुसरीला म्हणाली, तेव्हा आत संडासात बसलेल्या तिला वाटलं, या जेवणाच्या सुट्टीबद्दल बोलताहेत. मग दुसरी हसली. "मग काय, चल खालच्या मजल्यावर. आणि तो निळा तुकडा तिच्या टेबलावर ठेवलायस ना? अर्ध्या तासाने आज पास नाही केला तर मास्तर माझा जीव खाईल." नळ बंद झाला, चपला वाजत गेल्या, बाहेरचं दार आपटलं. बंद दाराआड एक हात भिंतीला लावून, श्वास कोंडून बसलेल्या तिला तेव्हा कुठे कळलं, की अर्धा तास हे एका बाईचं नाव आहे आणि ती बाई आपण आहोत. त्या मुलींच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, हेच जास्त लागलं. कुचकेपणा असता तर रागावता आलं असतं, दिवसभर त्यांच्याकडे न बघता वावरता आलं असतं. पण त्या किती सहज बोलल्या, कोपऱ्यावरचा शिंपी म्हणावं किंवा चष्मेवाली म्हणावं तसं. म्हणजे हे नाव नवीन नव्हतं. वापरून वापरून त्याचे कंगोरे गेले होते. वर्ष? दोन वर्षं? आणि कोणाकोणाला माहीत होतं? रंगमास्तरला? खालच्या पहारेकऱ्याला? ती बाहेर आली, तीनदा हात धुतले आणि आरशात न बघता आपल्या खोलीत गेली.

ती खोली राखाडी होती. भिंती राखाडी, टेबल राखाडी, खिडकीला जाड राखाडी पडदा आणि तिच्या अंगात राखाडी कोट. कापड गिरणीच्या रंगखात्यात शेड जुळवणाऱ्या माणसाच्या आसपास दुसरा रंग असून चालत नाही, भिंतीवरचा रंग कापडावर सांडतो. टेबलावर उघड्या तोंडाची एक पेटी, पेटीत वेगवेगळे दिवे. गिऱ्हाइकाने पाठवलेला तुकडा डावीकडे, आपल्या हौदातून निघालेला उजवीकडे, आणि मग एकेक दिवा लावत बघत राहायचं. सव्वीस वर्षं ती हे करत होती. यंत्रं आली, आकडे सांगायला लागली, तरी शेवटी मास्तर तुकडा घेऊन तिच्याकडेच यायचा. "यंत्र हो म्हणतंय, तुम्ही काय म्हणता?" ती म्हणायची, "किंचित तांबूस आहे," आणि तांबूस असायचा. त्या दिवशी मात्र निळ्याशेजारी निळा ठेवून ती बराच वेळ बघत बसली आणि तिला काहीच दिसेना. तिच्या डोक्यात एक साधा हिशोब चालू होता. रोजचा अर्धा तास घरी, अर्धा तास इथे. सुट्टीच्या दिवशी सगळा घरीच. अशी नऊ वर्षं.

नऊ वर्षांपूर्वी, पंचेचाळिसाव्या वर्षी, आंघोळ करताना तिच्या हाताला ते पहिल्यांदा लागलं होतं. मऊ, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखं काहीतरी, जिथे काही असायला नको तिथे आलेलं. ती पाणी वाहतं ठेवून तशीच उभी राहिली. दुखत नव्हतं. आडवं झालं की जायचं, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी परत यायचं, जसा काही कोणी पाहुणा कामाची वेळ बघूनच येतो. पहिले काही महिने तिने मनाशी सगळ्या वाईट आजारांची उजळणी केली, आणि आपण मेलो नाही हे बघून त्यांना हळूहळू सोडून दिलं. पण मग दुसरंच सुरू झालं. पोट साफ होईना. जायची भावना व्हायची, जोर लावला की सगळं पुढच्या बाजूला, त्या मऊ जागेत येऊन अडकायचं, आणि जितका जोर लावावा तितकं तिथेच तुंबायचं. एकदा वैतागून, रडकुंडीला येऊन तिने अंगठा आत घालून मागच्या अंगाला तो फुगवटा दाबून धरला, आणि झालं. मोकळं झालं. त्या क्षणी आधी किती बरं वाटलं आणि लगेच किती किळस आली, ते ती कधी विसरली नाही. जगात असं करणारी आपण एकटीच, असं तिला ठाम वाटलं. ते तिने कोणाला सांगितलं नाही. मुलीला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. ही मुलगीच तर अठ्ठावीस वर्षांपूर्वी चिमट्याने ओढून काढावी लागली होती, तेव्हा खाली किती टाके पडले ते कोणी तिला मोजून सांगितलं नव्हतं. आणि नवऱ्याला सांगायचं म्हणजे आधी शब्द हवा. तिच्याकडे तांबूस, जांभळट, काळसर, धुरकट अशा शंभर छटांना शब्द होते आणि याला एकही नव्हता.

नवरा शाळेत गणित शिकवायचा. मोजकं बोलणारा, चपला सरळ रेषेत काढणारा माणूस. त्या वर्षी एका रविवारी दुपारी, घरात कोणी नसताना, त्याने नेहमीच्या सवयीने तिच्या कमरेवर हात ठेवला आणि तिने तो झटकला. झटकला तो स्वतःच्या अंगाच्या किळसेने, पण हाताला काय कळणार किळस कोणाची ते. "नको," ती म्हणाली, आणि त्याने विचारण्याआधीच, "आता नको, पुन्हाही नको." पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, "मी हल्ली फार घोरतो, तुझी झोपमोड होते. मी बाहेरच्या खोलीत झोपत जाईन." तो घोरत नव्हता. ते दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही ते मान्य केलं. तेव्हापासून त्या घरात इतकं सभ्य वातावरण होतं की पाहुण्यांना हेवा वाटावा. तो तिच्यासाठी चहा झाकून ठेवायचा. ती त्याच्या चष्म्याची डबी शोधून द्यायची. गेलेला दिवा बदलला जायचा, किल्ल्या खुंटीवर असायच्या, आवाज कधी चढायचा नाही. मुलगी दुसऱ्या शहरातून रविवारी फोन करायची आणि म्हणायची, "तुमचं आपलं छान चाललंय," आणि ती म्हणायची, "हो गं, आमचं काय."

'अर्धा तास' ऐकल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ती दवाखान्यात गेली. धीर वगैरे आला म्हणून नव्हे. गिरणीतल्या त्या संडासात जाणंच आता तिला जमेना, आणि न जाऊन पोट दगडासारखं झालं होतं. बाहेर बसवून एक फॉर्म भरायला दिला. वय, बाळंतपणं, ऑपरेशनं. लघवी थेंब थेंब गळते का. खाली जड वाटतं का. ती भराभर खुणा करत गेली, आणि सतराव्या प्रश्नापाशी तिचं पेन थांबलं. 'शौचाला होण्यासाठी योनीत किंवा आसपास बोटाने दाबून आधार द्यावा लागतो का? कधीच नाही, कधी कधी, नेहमी.' तिने तो प्रश्न पुन्हा वाचला. छापलेला होता. कोणीतरी तो लिहिला होता, कोणीतरी तपासून छापखान्यात दिला होता, त्याच्या शेकड्यांनी प्रती निघाल्या होत्या आणि तीन चौकोन काढून ठेवले होते, कारण लोक तीन प्रकारची उत्तरं देतात. नऊ वर्षं ती ज्याला आपलं एकटीचं पाप समजत होती, त्याला इथे एक क्रमांक होता. तिला हसू फुटलं. शेजारची बाई जरा सरकून बसली. तिने 'नेहमी'च्या चौकोनात खूण केली, इतकी दाबून की खालच्या कागदावर उमटली.

डॉक्टरीणबाईंनी तपासायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. "रेक्टोसील," त्या हातमोजे काढत म्हणाल्या. "गुदाशय आणि योनी यांच्यामधला पडदा सैल पडलाय, म्हणून मागचं पुढे फुगून येतं. दुसऱ्या पायरीचं आहे. कॅन्सर नाही, काही नाही. पुष्कळ जणींना असतं, बोलत नाहीत इतकंच."

"ऑपरेशन?"

"लागलं तर करू. आधी तीन-चार महिने फिजिओथेरपी करा."

"गुडघे चांगले आहेत माझे," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा मान वर करून हसल्या. "गुडघ्यांची नाही हो. याचीच."

थेरपिस्ट तिच्या मुलीच्याच वयाची होती, आखूड नखांची, रुंद पंज्यांची, खो-खो खेळणाऱ्या मुलीसारखी. खोलीत एक पलंग, एक पडदा, टेबलावर प्लॅस्टिकचं कमरेचं हाड. त्या थेरपिस्ट मुलीने ते हाड उचलून भांड्यासारखं तिच्यापुढे धरलं आणि खालच्या भोकातून बोट फिरवून दाखवलं. "इथे स्नायूंची झोळी बांधलेली असते, काकू. पोटातलं सगळं या झोळीवर बसलेलं. ती आपल्याला आवळता यायला हवी आणि सोडताही यायला हवी." मग पडदा ओढून, विचारून, सांगून, हळूच तिने तपासलं. "आता वारा अडवायचाय असं समजा. आत ओढा, वर उचला." तिने जीव खाऊन ओढलं. "काकू, तुम्ही खाली ढकलताय." तिने पुन्हा केलं. "अजून ढकलताय. आणि श्वास कुठे गेला?" श्वास खरंच कुठे नव्हता. तो तिने छातीत कोंडून ठेवला होता, आणि तिला कळेना की हा कधीपासून इथे आहे. "बरं, आवळणं राहू दे," मुलगी म्हणाली. "आधी सोडा." आणि ते तर तिला मुळीच येईना. सोडा म्हणजे काय करा? मांड्या सोडल्या तर पोट आवळलं जाई, पोट सोडलं तर जबडा. "तुम्ही सगळं खाली पडेल या भीतीने दिवसभर आवळून धरताय," मुलगी सांगत होती, "म्हणून तिथेही, बसल्यावर, दार बंदच राहतं. तुम्ही आतून ढकलता आणि तुम्हीच बाहेरून धरून ठेवता. मग ते बिचारं सैल भिंतीकडे जातं. फुंकर घाला बरं, चहा गरम आहे समजा." तिने फुंकर घातली, लांब, आणि त्या फुंकरीबरोबर तिच्याकडून वारा सुटला, चांगला खणखणीत. तिला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. "अगं बाई, सॉरी," ती उठायला लागली. मुलीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "उठू नका. उत्तम झालं. म्हणजे सुटलं ना. हेच लक्षात ठेवा, हेच पाहिजे." नऊ वर्षांत तिच्या अंगाला कोणी उत्तम म्हटलं नव्हतं. घरी जाताना रस्त्याच्या कडेला उभी राहून ती एकटीच हसली, एवढी की एका पोस्टमनने वळून पाहिलं. आणि हे सांगायला आपल्याला कोणी नाही, हे लक्षात येऊन गप्प झाली.

पुढचे आठवडे त्या कामाचे गेले. काम किती बारीक आणि किती एकाकी! सकाळी कोमट पाणी, झोपताना चमचाभर पोट सैल ठेवणारी पूड. बसताना पायाखाली बुटका स्टूल, गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरं गुडघ्यांवर, पोट सैल, फुंकर. दहा मिनिटांत नाही झालं तर उठायचं, रुसायचं नाही. घरी आल्यावर चटईवर उताणं पडून दहा वेळा आत ओढायचं, पाच मोजायचे, आणि तितकाच वेळ सोडायचं. सोडण्याची वेळ चुकवायची नाही. रंगाचा डबा उचलायच्या आधी श्वास सोडायचा, झोळी उचलायची, मग डबा. पहिल्या महिन्यात काही म्हणजे काहीच झालं नाही. तिला वाटायचं, भिंतीवर हात ठेवून भिंत हलायची वाट बघतोय. कधी संध्याकाळी ते पुन्हा खाली आलेलं हाताला लागायचं आणि ती पलंगाच्या कडेवर बसून राहायची. बाहेरच्या खोलीत नवऱ्याचं पेन शब्दकोड्यावर कुरकुरायचं, आणि तिला वाटायचं, भिंतीपलीकडे एक माणूस आहे ज्याला मी काय आहे ते माहीत नाही. मग सातव्या आठवड्यात, काही विशेष न घडता, एका सकाळी ती बसली, फुंकर घातली, आणि झालं. अंगठा लागला नाही. ती तशीच बसून राहिली, कारण इतक्या लवकर बाहेर कसं पडायचं हेच तिला ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात अंगठा चारदा लागला, पुढच्या आठवड्यात दोनदा. थेरपिस्टने तपासून सांगितलं, "पकड आठ सेकंद. आलात तेव्हा दोनही नव्हती." मग जरा थांबून, तिच्या डोळ्यांकडे बघत, "फुगवटा आहे तेवढाच आहे, काकू. तो कदाचित राहीलही. खोटं सांगणार नाही."

"राहू दे," ती म्हणाली. आणि तिला आश्चर्य वाटलं की हे तिने मनापासून म्हटलं.

स्टूलामुळे सगळं निघालं. सुट्टीच्या दिवशी सकाळी नवरा न्हाणीघरातून तो स्टूल हातात घेऊन बाहेर आला. दोन महिने तो त्याला बाजूला सरकवत होता. "हा कशाला असतो आत?" त्याने विचारलं, रागाने नाही, एखादं गणित सुटत नाही म्हणून विचारावं तसं. ती कणीक भिजवत होती. काहीतरी ठोकून द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून खरं निघालं. "पाय ठेवायला. मला रेक्टोसील आहे." शब्द तिच्याकडे आता होता, आणि एक शब्द निघाल्यावर मागचे सगळे त्याला धरून आले. ती परातीकडे बघत बोलत राहिली. मुलीच्या वेळचे टाके, आंघोळीतला तो दिवस, अंगठा, नऊ वर्षं, सगळं. अंगठ्यापाशी तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. नवरा स्टूल धरून उभाच होता. मग त्याने तो जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावरच बसला, बुटक्या स्टूलावर, गुडघे छातीशी आलेले.

"म्हणजे तू आत रडत नव्हतीस?" तो म्हणाला.

"कुठे?"

"आत. अर्धा अर्धा तास. मला कधी कण्हल्यासारखं ऐकू यायचं, नळ सोडलेला असायचा. मला वाटायचं, तू रडायला जातेस."

"मी कशाला रडेन?"

तो हळू म्हणाला, "तुझे वडील गेले तेव्हा मी आलो नव्हतो. पेपर तपासायचे होते म्हणालो. चार दिवसांनी आलो. त्याच वर्षी तू माझा हात झटकलास. मी म्हटलं, बरोबर आहे. आपण लांबच राहावं."

ती आठवायला लागली. वडील. चार दिवस. हो, तेव्हा लागलं होतं, महिनाभर लागलं असेल. मग ते गेलं होतं, कुठे गेलं तेही कळलं नव्हतं. आणि हा माणूस ते घेऊन बाहेरच्या खोलीत झोपत होता, चहा झाकून ठेवत होता, ती विसरलेल्या गोष्टीची शिक्षा भोगत. तिला त्याची कीव आली. मग त्या कीवेच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं, गरम, इतक्या वर्षांत न आलेलं.

"मी रडतेय असं तुम्हाला नऊ वर्षं वाटत होतं," ती म्हणाली, "आणि तुम्ही दार एकदाही वाजवलं नाहीत?"

"वाजवलं असतं तर तू काय सांगितलं असतंस?"

"काही नाही असंच सांगितलं असतं! पण वाजवायचं होतं!"

"आणि तू सांगायचं नव्हतं? मी काय परका होतो? घोरतो म्हणालो तेव्हा एकदा तरी म्हणायचं, तुम्ही कुठे घोरता!"

"तुम्ही वाट बघत होतात मी म्हणायची?"

"हो!" तो ओरडला. तिने त्याला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. शाळेतही म्हणे तो ओरडत नसे. "तर काय! पहिलं वर्षभर बघत होतो!"

ते भांडले. नीट, भरपूर भांडले. परातीत कणीक वाळली. वडिलांवरून, मुलीवरून, बावीस वर्षांपूर्वी न घेतलेल्या एका घरावरून, त्याच्या शब्दकोड्यांवरून, तिच्या त्या 'आमचं काय' म्हणण्यावरून. शेजारचं दार उघडून बंद झालं. मध्येच तिला खाली जड वाटायला लागलं, ती खुर्ची ओढून बसली आणि बसूनही भांडत राहिली. मग दोघांचंही एकदमच संपलं. कोणी जिंकलं नाही. नवऱ्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. त्याचा चेहरा चष्म्याशिवाय किती म्हातारा झालाय, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिला वाटलं, आता तो जवळ येईल; आणि येऊ नये असंही वाटलं. तो आला नाही. नऊ वर्षं म्हणजे काही फळा नव्हे, पुसून टाकायला. ती वर्षं तिथेच होती, स्वयंपाकघरात, त्या दोघांच्या मध्ये, आणि पुढेही असणार होती.

"मग मी आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. खरंच माहीत नव्हतं. "माझे व्यायाम राहिलेत आजचे. वीस मिनिटं लागतात." आणि उठता उठता, त्याच्याकडे न बघता, "बसायचं तर बसा तिथे. बोलू मात्र नका."

तिने खोलीत चटई अंथरली. तो आला, त्या खोलीत कुठे बसायचं हे विसरलेल्या माणसासारखा क्षणभर उभा राहिला, आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर कडेला टेकला. ती उताणी झाली, गुडघे दुमडले, एक हात पोटावर ठेवला, डोळे मिटले. आत ओढलं, वर उचललं, पाच मोजले, सोडलं. पुन्हा. बाहेरून यातलं काहीच दिसत नव्हतं. तिच्या जवळ बसून बघणाऱ्यालाही एक बाई गप्प पडून आहे इतकंच दिसलं असतं. खुर्ची एकदा करकरली. तो वाट बघत होता, हे तिला मिटल्या डोळ्यांनी कळत होतं.

"सुरू कधी करणार?" शेवटी न राहवून त्याने विचारलं.

"केव्हाच केलंय," ती म्हणाली, आणि श्वास सोडला.